दसऱ्याला चढवा, पाडव्याला उतरवा

गुरुदत्तरावांबद्दल आमच्या बॉथेल गावात कुणालाही विचारा, चांगलंच ऐकायला मिळेल. म्हणून मला विचारा.

मी राजाराम. त्यांच्याच गल्लीत राहतो, सॉफ्टवेअरमध्ये पोटापाण्याचं बघतो आणि गुरुदत्तरावांचा मनापासून हेवा करतो. लपवायचा प्रयत्न करून पाहिला, पण माझी बायको मृणालिनी म्हणते की त्यांचं नाव निघालं की माझ्या नाकपुड्या फुगतात. आता नाकपुड्यांना कोण आवरणार? तेव्हा सांगूनच टाकलेलं बरं.

माणूस दिसायला साधा. उंच, किडकिडीत, अंगात बारा महिने तोच निळा स्वेटर. सांगलीहून इंजिनिअर होऊन इथं परदेशात पुढचं शिकायला आले, एका विमानकंपनीत लागले आणि सगळी नोकरी विमानांची चाकं आणि ब्रेक यांच्यात घालवून निवृत्त झाले. मूलबाळ नाही. बायको, आसावरीवहिनी, काही वर्षांपूर्वी गेल्या. एकटा पडलेला माणूस देवधर्माला लागतो, नाहीतर शेअर बाजाराला. यांनी टायर धरले. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण लोकांचे टायर घरात सांभाळणारा हा एकच. त्यांच्या गॅरेजमध्ये त्यांची स्वतःची छोटी गाडी मावत नाही, ती बाहेर पावसात उभी असते. आत भिंतीला टेकून अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या पोरापोरींचे टायर रचलेले. प्रत्येकावर खडूनं नाव, आणि खाली 'पु. डा.', 'मा. उ.' अशी अक्षरं. म्हणजे पुढचा डावा, मागचा उजवा.

त्यांचा मंत्र एकच: दसऱ्याला चढवा, पाडव्याला उतरवा. हिवाळी टायर दसऱ्याला गाडीला चढवायचे आणि गुढीपाडव्याला उतरवून उन्हाळी घालायचे. त्यामागचं कारण ते येणाऱ्या प्रत्येकाला नव्यानं सांगतात. पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. बर्फ पडायची वाट बघायचीच नाही. पण थर्मामीटर बघायची आठवण कुणाला राहते? सण मात्र कुणी विसरत नाही. म्हणून तारीख सणाला बांधून टाकायची.

दसऱ्याच्या सकाळी गॅरेजात पाटावर लाल कापड अंथरतात. त्यावर जॅक, हवा मोजायचा गेज आणि तो खास पाना, नट हवा तेवढा आवळला गेला की 'कट्' आवाज करणारा. झेंडू त्यांच्याच कुंड्यांमधला. आपटा इथं कुठला मिळायला, तर अंगणातल्या रेडबडच्या झाडाची पानं सोनं म्हणून वाटतात, आणि खरं सांगायचं तर ती पुष्कळशी तशीच दिसतात. हळदकुंकू होतं, नारळ फुटतो आणि मग गाड्या ओळीनं आत येतात. "घाट ओलांडायचा म्हणजे आपलं सीमोल्लंघनच की हो!" हे वाक्य ते दरवर्षी म्हणतात आणि लोक दरवर्षी हसतात. मी तेच वाक्य एकदा ऑफिसातल्या आपल्या मंडळींत म्हणून पाहिलं. कुणीही हसलं नाही.

तरी इथवर माझी तक्रार नव्हती. पोटात दुखायला लागलं ते माझ्या मुलीमुळे, ज्ञानदामुळे.

त्याचं असं झालं. पन्नाशी आली तेव्हा मी स्वतःला एक गाडी घेतली. वापरलेली, पण स्पोर्ट्स सेडान. गडद निळी, बसकी, मागच्या चाकांना ताकद देणारी, पाय ठेवला की उडणारी. मृणालिनी तिला 'याचा हट्ट' म्हणायची. हट्ट पुरता फिटायच्या आत ज्ञानदाला पुलमनच्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. पुलमन म्हणजे आमच्याच राज्याचं दुसरं टोक. मध्ये डोंगर, डोंगरावर स्नोक्वाल्मीचा घाट आणि पलीकडे तासन् तास गव्हाची शेतं. गाडी तिच्याबरोबर गेली. मला राहिली जुनी मिनीव्हॅन, जिच्यात अजूनही ज्ञानदाच्या लहानपणीचे चिप्स सापडतात.

गेल्या उन्हाळ्यात ती घरी आली तेव्हा गाडीचे टायर घासून गोटा झाले होते. नवे घ्यायचे ठरले. मुलगी माझी, गाडी माझी, घाट ओलांडताना काळजी माझी, तेव्हा टायर निवडायचा मान माझाच असं मी धरून चाललो. अख्खा जुलै त्यात घातला. लोकांचे अभिप्राय वाचले, व्हिडिओ पाहिले, रबराच्या जाती पाठ केल्या. शेवटी निर्णय झाला: ऑल-सीझन. एकच संच, बारा महिने, कटकट नाही. रात्री जेवताना मी तो जाहीर केला.

ज्ञानदानं घास गिळला. "बाबा, गुरुदत्तकाका म्हणतात, ऑल-सीझन म्हणजे थ्री-सीझन. चौथ्या सीझनला तू देवाला फोन करायचा."

मृणालिनी खळखळून हसली. माझा जुलै वाया गेला.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्या गॅरेजात गेलो. न जाऊन सांगतो कुणाला, बाप होतो मी. गुरुदत्तरावांनी दोन जुने टायर पुढे ठेवले होते, एक उन्हाळी आणि एक हिवाळी, दोन्ही रात्रभर मोठ्या फ्रीझरमध्ये ठेवून गार केलेले. ज्ञानदाला म्हणाले, "नख रोवून बघ." तिनं नख रोवलं. एकात रुतलं, एकात रुतलं नाही. मलाही रोवावंसं वाटत होतं, पण मला कुणी सांगितलं नाही.

"तुझी गाडी स्पोर्ट्स सेडान आहे," ते तिला म्हणाले. "तिला उन्हाळ्यात तिचे धावायचे टायर दे, तिची मजा तिला राहू दे. हिवाळ्यासाठी वेगळा संच घे, वेगळ्या रिमवर चढवलेला. रिम एक नंबर लहान, टायरची भिंत जाड. खड्ड्यात मार बसत नाही आणि घरच्या घरी बदलता येतात."

आता उन्हाळ्यात ते धावायचे टायर, हे तर मला मनातून केव्हाचेच हवे होते. मी लाजून बोललो नव्हतो. तेच हे घेऊन बसले. आपलंही काही डोकं चालतं हे दाखवायला हवं म्हणून मी म्हणालो, "असं करू ना. ताकद मागच्या चाकांना आहे, तर हिवाळी टायर मागेच दोन घालू. पुढे उन्हाळी चालतील."

 गुरुदत्तराव ज्ञानदाकडे वळले. "सांग बघू, काय होईल?"

"गाडी निघेल मस्त," ती म्हणाली. "बट ब्रेक मारला की फ्रंट सरकत जाणार. आणि वळणावर वळणारच नाही, सरळ जाणार. चारही सेम पाहिजेत."

"शाब्बास!"

आणि ती हसली. अहो, मी काय हिला शाब्बास म्हटलं नाही कधी? प्रत्येक रिपोर्ट कार्डावर म्हटलंय, पोहायला शिकली तेव्हा म्हटलंय, साधी भाकरी फुगली तरी म्हटलंय. तेव्हा 'थँक्स बाबा' आणि डोळे फोनमध्ये. ते हसू तिच्याकडे होतं हेच मला माहीत नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ते काही उगीच नाही. दोन्ही संच घेतले. पैसे अर्थात मी दिले.

दसऱ्याला ती सुट्टी काढून मुद्दाम पुलमनहून आली. आमच्यासाठी नाही, टायर चढवायला. जॅक लावला तिनं, नट आवळले तिनं, पान्यानं 'कट्' केलं की गुरुदत्तराव टाळी वाजवायचे. मी बाजूला रेडबडची पानं हातात घेऊन उभा. दिवाळीला मात्र आली नाही; म्हणाली, प्रोजेक्ट आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला ती निघाली तेव्हा घाटात चांगलाच बर्फ होता. मी खिडकीशी उभा राहून वाट बघत होतो, तर गल्लीतून स्वेटर घातलेली आकृती घाईनं आली आणि दारातूनच म्हणाली, "ज्ञानदा घाट उतरली रे! आत्ताच फोन होता. म्हणाली, काका, लोण्यासारखी आली गाडी."

मी म्हणालो, "हो का? वा." त्यानंतर घरात जाऊन मी उगीचच डिशवॉशर रिकामा केला, जरा आवाज करत.

मृणालिनी म्हणाली, "अरे, त्यांना कोण आहे दुसरं? तुझ्या वाटणीचं काय कमी झालं?"

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. तिला ज्ञानदाचा फोन रोज येतो.

यंदा पाडवा मार्चमध्येच आला, आणि नेमका ज्ञानदाच्या स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत. मी गॅलरीत गुढी उभारत होतो तेव्हा पोरगी काकांच्या गॅरेजात हिवाळी टायर उतरवत होती. दुपारी काळे हात घेऊन श्रीखंड-पुरीला आली, गुरुदत्तरावांनाही घेऊन. मी पुरी वाढता वाढता म्हणालो, "मार्चमध्येच उतरवले? लवकर नाही होत?" हे मी काही ज्ञानानं बोललो नव्हतो. नुसतं आडवं लावायचं म्हणून बोललो होतो.

"बाबा, काकांना माहितीय," ज्ञानदा म्हणाली.

"पाडवा म्हणजे पाडवा," गुरुदत्तराव म्हणाले आणि आणखी श्रीखंड घेतलं.

रविवारी दुपारी ती पुलमनला निघाली. अंगणात ऊन होतं. तिला जाऊन फार वेळ झाला नव्हता, मी चहा टाकला होता, आणि दारात गुरुदत्तराव. स्वेटर उलटा घातलेला. चेहरा पार उतरलेला.

"राजाराम, माझी चूक झाली," ते म्हणाले. "ज्ञानदाचा फोन होता. घाटात बर्फ पडतोय. ती नॉर्थ बेंडला गॅस स्टेशनवर थांबलीय. उन्हाळी टायर आहेत रे तिच्या गाडीला."

माझ्या मनात आधी काय आलं सांगू? फोन त्यांना केला. मला नाही, त्यांना. त्यानंतर कुठे ते 'उन्हाळी' डोक्यात शिरलं. ते टायर त्या बर्फावर म्हणजे साबण. आणखी थोडी पुढे गेली असती, वळणाला लागली असती, तर सरळ गेली असती. पुढचा विचार मी केला नाही. गॅस बंद केला आणि किल्ली घेतली.

त्यांच्या छोट्या गाडीत चार चाकं मावेनात. माझ्या मिनीव्हॅनमध्ये मावली. मागच्या सीट पाडून, चिप्ससकट, आम्ही ती 'ज्ञानदा, पु. डा.' वगैरे लिहिलेली चाकं आत टाकली, जॅक आणि पाना टाकला आणि निघालो. नॉर्थ बेंड म्हणजे घाटाच्या पायथ्याचं गाव, आमच्यापासून पाऊण तासावर.

 बेलव्ह्यू मागे पडल्यावर पाऊस लागला आणि गुरुदत्तराव म्हणाले, "यंदा अधिक महिना आहे. अधिकाच्या वर्षी पाडवा लवकर येतो, माझ्या लक्षात यायला हवं होतं. इथल्या इथं फिरणाऱ्यांना दोनतीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. इतकी वर्षं कुणाचं बिघडलं नाही. पण तिला घाट ओलांडायचा होता. मी वेदर न बघता पंचांग बघितलं."

 'मी म्हटलं होतं' हे वाक्य मी सुपारीसारखं तोंडात घोळवत होतो. जुलैपासून मी अशाच एका दिवसाची वाट बघत होतो. गुरुदत्तराव चुकावेत, आणि ज्ञानदासमोर चुकावेत, एवढीच माझी इच्छा होती. देवानं ती पुरवली आणि वर माझीच पोरगी त्या गाडीत बसवली. तरी वाक्य मी टाकून दिलं नाही. ती धडधाकट दिसू दे, मग बोलतो, असं ठरवलं.

गॅस स्टेशनच्या कडेला गाडी उभी होती. बाहेर पावसात बर्फाचे पुंजके मिसळलेले, जमिनीवर चिखलासारखा लगदा. ज्ञानदा हुडी डोक्यावर ओढून गाडीला टेकून उभी. मी व्हॅन नीट लावेपर्यंत गुरुदत्तराव दार उघडून उतरलेसुद्धा. तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. 

तिनं त्यांना मिठीच मारली. "काका, इट्स ओके! मी थांबले ना? तुम्हीच शिकवलंय ना, डाउट आला की थांबायचं. आय ॲम फाइन. एव्हरीबडी मेक्स मिस्टेक्स, यार."

"मी म्हटलं होतं," मी मागून सुरुवात केली.

"बाबा, नॉट नाऊ."

संपलं. ती सहावीत असताना मी तिचं व्हायोलिन घरी विसरून तिला कार्यक्रमाला नेलं होतं. ती गोष्ट ती अजून पाहुण्यांना सांगते, माझ्या चेहऱ्याची नक्कल करून सांगते. माझ्या चुका या पोरीकडे मुरांब्यासारख्या टिकतात. आणि यांची एवढी मोठी चूक, जिच्यापायी ती दरीत गेली असती, ती एका मिठीत माफ! मी आयुष्यात त्यांच्या बऱ्याच गोष्टींचा हेवा केलाय, पण त्या दिवशी मला त्यांच्या चुकीचासुद्धा हेवा वाटला.

गुरुदत्तराव जॅक घेऊन वाकायला लागले. दुखरा गुडघा वाकेना. पाना दोनदा लगद्यात पडला. ज्ञानदानं तो उचलून पुसला.

"काका, तुम्ही व्हॅनमध्ये बसा. हीटर ऑन करा. बाबा करेल."

"मला येत नाही," मी म्हणालो. खरंच येत नव्हतं. अख्ख्या जुलैत मी सगळं वाचलं होतं, पण चाकाला हात लावला नव्हता.

"मी शिकवते ना," ती म्हणाली. "ये. गुडघ्यावर बस. पँट जाऊ दे."

मी लगद्यात गुडघा टेकला. ती माझ्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून. तिनं जॅक कुठे लावायचा ते दाखवलं. चाक उतरवलं, हिवाळी चाक आम्ही दोघांनी मिळून उचलून बसवलं. "आधी हातानं फिरव, बाबा. पान्यानं नंतर. नाही, तसं ओळीनं गोल नाही जायचं. एक सोडून एक, समोरचा. मग चाक सरळ बसतं." तिच्या बोलण्यात गुरुदत्तरावांचे शब्द जसेच्या तसे येत होते, ते मला ओळखू आले. राग यायला हवा होता. पण ती माझा गारठलेला हात धरून नटावर नेत होती, आणि ही पोरगी माझ्या इतक्या जवळ शेवटची कधी बसली होती ते मला आठवेना. गाडी खाली घेतल्यावर मी पाना ओढला. 'कट्'.

"शाब्बास, बाबा!" ती म्हणाली आणि हसली. तेच हसू.

मी मान वर केली, कुणी बघितलं का ते बघायला. व्हॅनच्या धुरकट काचेमागून गुरुदत्तराव बघत होते. काच त्यांनी स्वेटरच्या बाहीनं जरा पुसली होती. टाळी वाजवायला उचललेले हात तसेच अधांतरी थांबले होते. ते गाडीकडे बघत नव्हते, नटांकडेही नाही. आम्हा दोघांच्या टेकलेल्या खांद्यांकडे बघत होते. ती नजर मला लगेच ओळखू आली. जुलैपासून दाढी करताना मी ती रोज बघतो.

माझं पहिलं चाक झालं होतं. अजून तीन राहिली होती. घाटात अंधार पडायच्या आत तिला निघायला हवं होतं, हे मला कळत होतं. तरीही दुसऱ्या चाकाचे नट मी जरा सावकाशच आवळले.